काशीतला वाडा आणि चहाचा ओटा

दशाश्वमेधावरून नाव प्रवाहाच्या उलट निघाली की आधी शीतला घाट लागतो, मग अहिल्याबाई घाट, आणि त्याला खेटूनच एक दगडी वास्तू उभी आहे, जिचा माथा मान वर केल्याशिवाय दिसत नाही. खाली तटासारखी भरीव भिंत, अंगाला बुरूज, वर झरोके आणि सज्जे. ‘दरभंगा पैलेस, दीदी. अब होटल है,’ नावाडी म्हणाला. ते खरंच आहे. पण लगतच्या घाटाला आजही मुनशी घाट म्हणतात, आणि हे मुनशी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर मुनशी. १८१२ साली त्यांनी हा वाडा बांधला. १९१५ मध्ये तो दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह यांनी घेतला. आज तिथे ब्रिजरामा पॅलेस नावाचं हॉटेल आहे आणि पाहुण्यांना सामानासकट नावेतून पायऱ्यांशी उतरवून घेतात.

मी नागपूरच्या महाल भागात वाढले. तिथला भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ च्या आगीत गेला. राहिला तो नगारखाना. धन्याचा वाडा नागपुरात जळून गेला आणि कारभाऱ्याचा वाडा सातआठशे किलोमीटरवर गंगेच्या काठी अजून उभा आहे, ही गोष्ट कळली तेव्हापासून काशीला जायचं मनात होतं. विश्वनाथाचं दर्शन घ्यायचंच होतं. पण मला बघायचं होतं ते हे, की परमुलखात बांधलेलं मराठी माणसाचं घर दोनशे वर्षं टिकतं कसं, आणि त्याचं हॉटेल झालं, चहाघर झालं, तर ते घर उरतं का.

नावेतून बघताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की पहिले कितीतरी हात भिंतीला खिडकीच नाही. हा डौल नव्हे, गंगेचा धाक आहे. काशीत धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. श्रावण-भाद्रपदात घाटांच्या पायऱ्या दिसेनाशा होतात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, आणि पाणी थेट या भिंतींना येऊन धडकतं. म्हणून खालचा भाग भरीव आणि राहणं वर. दगड सगळा चुनारचा. चुनार नदीच्या वरच्या अंगाला आहे. खाणीतून काढलेले चिरे नावांवर लादायचे आणि पाण्यानेच काशीला उतरवायचे. अशोकाचे स्तंभ ज्या दगडातून घडवले तोच हा दगड. आपल्याकडचा काळा बेसाल्ट बघायची सवय झालेल्या डोळ्यांना त्याचा बदामी-गुलाबी रंग फार मऊ वाटतो. तो कोरायलाही सोपा, आणि ओल धरली की झिजायलाही सोपा. शिंदे घाटाचं उदाहरण तर काशीत सगळेच देतात: बायजाबाई शिंद्यांनी १८३० साली बांधलेला तो भव्य घाट आपल्याच वजनाने खचला आणि पुन्हा बांधावा लागला. मुनशींच्या वाड्याचा पाया धरून राहिला, हे त्या अनामिक कारागिरांचं श्रेय.

मुनशी इथे आले तो काळच मराठ्यांनी काशीत यायचा होता. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं देऊळ १७८० च्या सुमारास पुन्हा उभं केलं होतं. १८०३ च्या युद्धानंतर अमृतराव पेशवे कंपनीचं पेन्शन घेऊन उत्तरेत आले आणि काशीत घाट-देवळं बांधत राहिले. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा आले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका इथेच जन्मली, पुढे झाशीची राणी झाली. राज्य गेलेली, उतरणीला लागलेली, तरी गाठीला पैसा असलेली माणसं होती ही. त्यांनी काशीत जे बांधलं त्यात हौस होती, पुण्याचा हिशेब होता, आणि आपलं नाव कुठेतरी दगडात राहावं ही आसही असणार. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

रामेश्वर सिंह आले तेव्हा काळ बदलला होता. मालवीयजींबरोबर हिंदू विश्वविद्यालयासाठी देशभर फिरलेले ते जमीनदार महाराज. वाडा घेतल्यानंतर वर्षभरात, फेब्रुवारी १९१६ मध्ये, विश्वविद्यालयाची कोनशिला बसली. वाड्यात त्यांच्या वेळी हाताने ओढायची लिफ्ट बसवली, आणि ती देशातल्या पहिल्या लिफ्टांपैकी एक असं हॉटेलातले लोक अभिमानाने सांगतात. घाटाच्या अंगाला ग्रीक वळणाचे खांब, आत राजपुती कमानी, मधे आपल्या वाड्यासारखा चौक. आजच्या नूतनीकरणाने त्यात वातानुकूलन, गालिचे आणि दिवे आणले. मांस-मद्य मात्र आणलं नाही, आणि हा निर्णय मला मनापासून आवडला. संध्याकाळी चौकात सतार-तबला असतो. मी आधी विचारून वरच्या सज्जात चहा घेतला. चिनी मातीचा कप, वेगळं दूध, वेगळी साखर, समोर गंगा, आणि उजेड उतरत असताना खालून आरतीच्या तयारीचे आवाज.

चहा चांगला होता. पण तिथे बसल्या बसल्या मनात आलं की मुनशींनी हा वाडा बांधला तेव्हा हिंदुस्थानात चहा हे पेयच नव्हतं म्हटलं तरी चालेल. आसामातलं चहाचं झाड इंग्रजांच्या नजरेला पडलं ते १८२३ मध्ये. तिथले सिंगफो लोक ते आधीपासून वापरत होते, ही गोष्ट वेगळी. आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला १८३९ साली. मुनशींच्या स्वयंपाकघरात दूध होतं, ताक होतं, पन्हं होतं, चहा नव्हता. हा वाडा देशी चहापेक्षा वयाने मोठा आहे.

आणि मराठी माणसाच्या चहाचा काशीशी संबंध आला तो सज्जात बसून नव्हे, प्रायश्चित्तातून आला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी प्याले, कोणी नुसता कप हातात घेतला. नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी पुढे मांडलं की मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहे. केवळ एका कपापायी थोरामोठ्यांची घरं फुटायची वेळ आली होती. कोणाच्या हातचा, कोणाच्या भांड्यातला, कोणाच्या पंगतीला, हे प्रश्न त्या कपात होते. आज त्याच काशीत, कोणी बनवला आणि शेजारी कोण बसलंय हे न विचारता, भट्टीवरचा चहा मातीच्या पुरव्यातून हजारो माणसं पितात. हा बदल किती मोठा आहे, याची आपण पुरेशी दखल घेत नाही असं मला वाटतं. मातीचं भांडं एकदाच वापरायचं, त्यामुळे उष्ट्याचा प्रश्न आपोआप मिटला. आणि सीटीसी यंत्राने १९३० नंतर जो बारीक दाण्याचा, कडक, स्वस्त चहा निघाला त्याने पैशाचा प्रश्न मिटवला. चिमूटभर पूड, भरपूर दूध, ठेचलेलं आलं, आणि रिक्षावाल्यालाही परवडेल असा घोट तयार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तरेकडे, पंचगंगेच्या बाजूला निघाले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही काशीतली मराठी वस्ती. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका काशीतच पुरी केली. पंचगंगेवर बिंदुमाधवाचं देऊळ आहे, त्याच्या डोक्यावर आलमगीर मशीद आहे, आणि घाटावर अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ. ब्रह्माघाटाच्या आंग्र्यांच्या वाड्यात अजून गणपती बसतो. गल्ल्या अशा अरुंद की समोरून बैल आला तर कोणाच्यातरी दारात शिरावंच लागतं, आणि दारातली माणसंही ‘आइए, आइए’ म्हणून जागा करून देतात.

असंच एका दारात शिरले, आणि ते दार मराठी निघालं. चौकटीवर गणपती, उंबऱ्यावर रांगोळी, आत सिमेंटच्या नव्हे तर चुन्याच्या वासाने भरलेला काळोख. घर दीडशे वर्षांचं असेल असं घरच्या काकू म्हणाल्या. काकूंचे पूर्वज कोकणातून आले, वेदपाठी. आताची पिढी नोकरीत. मुलगा काशीतच आहे, सून बंगाली टोल्यातली. त्या दोघांनी ठरवलं की तळमजल्याच्या बंद पडलेल्या कोठ्या दुरुस्त करून तिथे चहाघर काढायचं. विकायला सांगणारे पुष्कळ आले, काकू म्हणाल्या. विश्वनाथ धामाचं काम २०१९ मध्ये सुरू झालं, डिसेंबर २०२१ मध्ये उद्घाटन झालं, त्यासाठी तीनशेच्या वर घरं-इमारती घेतल्या गेल्या. त्यात ओळखीच्यांची घरं होती. मोकळी जागा झाली, गंगेवरून देऊळ दिसू लागलं, म्हाताऱ्यांना चालणं सोपं झालं, हे काकूंनी आपणहून सांगितलं. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण गल्ली गेली की गल्लीतली माणसंही जातात हो. ती काही कॉरिडॉरमध्ये येऊन बसत नाहीत.’

घर आतून बघताना मला पुण्या-नाशिकचे वाडे आठवत राहिले, आणि फरकही कळत गेला. आपल्याकडे लाकूड बोलतं: तुळया, खांब, कडीपाट. इथे दगड आणि वीट. छताला चुनारच्या लांब फरशा, त्यांना पटिया म्हणतात. विटा लाखौरी, म्हणजे जेमतेम दोन बोटं जाडीच्या. मधोमध चौक, पण आपल्यासारखा ऐसपैस मोकळा नाही; प्रत्येक मजल्याच्या जमिनीत चौकाएवढंच लोखंडी जाळीचं तोंड ठेवलेलं, त्यातून उजेड मजल्यामजल्याने गाळत खाली येतो, आणि माकडं वरच्या वर अडतात. सकाळी दहाच्या सुमारास खालच्या फरशीवर त्या जाळीची चौकटीदार सावली पडली होती, आणि तिच्यात बसून मिस्त्री चुना मळत होते.

वयस्कर मुसलमान राजमिस्त्री. हातांवर चुन्याने पडलेल्या भेगा. भिंतीवर मागच्या पिढीने सिमेंटचा गिलावा चढवला होता, तो त्यांनी पहिल्यांदा पूर्ण खरवडून काढला. कारण विचारलं तर त्यांनी भिंतीला हात लावायला सांगितला. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत वीट ओली होती आणि पीठ व्हावं तशी बोटाला लागत होती. नदीकाठची ओल भिंतीतून वर चढते, क्षार घेऊन चढते. चुन्यातून ती बाहेर निघून जाते; सिमेंट तिला कोंडून धरतं, मग ती विटेलाच खाते. आता नवा गिलावा चालला होता: हौदात बरेच दिवस विझवून ठेवलेला चुना, विटांची सुरखी, वाळू, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर आणि भिजवून वाटलेली उडदाची डाळ. आपल्याकडे घाण्यात मळलेला चुना असे, त्याचाच हा भाऊ. मिस्त्री तो हातात घेऊन दाबून बघत, थापीला चिकटतो की सुटतो ते बघत, पुन्हा दोन ओंजळी पाणी शिंपडत. घाई अजिबात नाही. थर द्यायचा, ओला ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा थर. सूनबाईंना मे महिन्याच्या आत उघडायचं होतं. मिस्त्री म्हणाले, ‘बहूजी, चूना अपनी चाल से चलेगा.’ आणि सूनबाईंनी ऐकलं, हे मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत शहाणपणाचं वाटलं.

चहाघर सजवायचं कसं, यावर घरात मतं वेगवेगळी होती. एका सजावटकाराने कागदावर आराखडा करून दिलेला: एका कोपऱ्यात जपानी चटया, दुसऱ्यात मोरोक्कोचे दिवे, तिसऱ्यात राजस्थानी बाहुल्या. काकूंनी तो मला दाखवला आणि माझं मत विचारलं. मी स्पष्ट सांगितलं की यातलं काही करू नका. मुनशींच्या वाड्यात नागपूर, मिथिला आणि काशी एकत्र नांदतात, कारण ती माणसं खरोखर तिथे राहिली. घाटांवर लाकडात कोरलेलं नेपाळी मंदिर आहे, केदार घाटाला दक्षिणेचे रंग आहेत, मानमंदिरावर जयसिंगाची वेधशाळा आहे. जो आला त्याने आपल्या गावची रीत आणली आणि बहुतेकांनी ती चुनारच्या दगडात करून घेतली. मोरोक्कोहून या गल्लीत कोणी आलं नाही. तुमच्या घरात जे आलं आहे तेच मांडा.

आणि ते काही थोडं नव्हतं. माजघरात सागवानी झोपाळा होता, पितळी कड्यांचा, काकूंच्या सासूबाईंनी पुण्याहून मागवलेला. सूनबाईंच्या माहेरची दार्जिलिंगची पानं घालायची किटली आणि पांढऱ्या कपांचा संच होता. तिचे वडील चहात दूध घालणं हा अपराध मानतात. सारनाथला १९६७ पासून तिबेटी विद्येची संस्था आहे, तिथले एक अभ्यासक काकूंच्या यजमानांकडे संस्कृत वाचायला येत, त्यांनी दिलेलं लाकडी नळकांडं होतं, लोणी-मिठाचा चहा घुसळायचं. मिस्त्री मधेच म्हणाले की आमच्या मदनपुऱ्यात लग्नाला वेलची-केशराची चाय होते, ती कशी करायची ते माझी बायको सांगेल. एवढं असताना आराखड्यात कसल्या बाहुल्या? झोपाळा चौकाच्या कडेला टांगायचा, भिंतीतल्या ताखांत, म्हणजे आपल्या कोनाड्यांत, भांडी ठेवायची, बसायला पाट आणि सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांना बाक. बंगाली, मराठी, तिबेटी, बनारसी हे सगळं त्या चुन्याच्या भिंतीसमोर आपोआप एका घरचं दिसतं.

खरा वाद ओट्याचा होता. दाराबाहेर गल्लीला लागून दगडी चबुतरा आहे, त्यावर रोज सकाळी चारपाच म्हातारे येऊन बसतात. बनारसात या बैठकीला अडी म्हणतात. अस्सीवरच्या पप्पूच्या चहाच्या दुकानातली अडी तर काशीनाथ सिंहांच्या ‘काशी का अस्सी’ या कादंबरीने देशभर पोचवली. तिथे मी आदल्या संध्याकाळी जाऊन आले होते. कोळशाची भट्टी, काळं पडलेलं पातेलं, आणि एका बाकावर प्राध्यापक, नावाडी, पंडे आणि विद्यार्थी, सरकारपासून शंकराचार्यांपर्यंत कोणालाही न सोडता बोलत असलेले. घाटावरच्या हॉटेलात मिळतो तो चहा उत्तम असेल, पण तिथे अनोळखी माणूस तुमचं म्हणणं खोडून काढत नाही. इथे काढतो, आणि वर पान पुढे करतो.

सजावटकाराचं म्हणणं होतं की ओट्याला काच लावून तो आत घ्या, चार टेबलं वाढतील. हिशेबाने ते बरोबरच होतं. मुलगाही त्याच बाजूला झुकत होता, कारण कर्ज काढलेलं आहे आणि चार टेबलांचे पैसे खोटे नसतात. मी त्या गुंत्यात पाहुणी. पण विचारलं म्हणून बोलले. म्हटलं, घाटावरचा वाडा वाचला, दगड वाचला, सुंदर राखला, याचा मला नागपूरकर म्हणून आनंद आहे. पण शेजारच्या गल्लीतला माणूस तिथे सहज जाऊन टेकू शकत नाही. ते हॉटेल आहे, तिथे तसं असणारच. तुमचं घर गल्लीतलं आहे. त्याचा ओटा गेला तर आतला चुना कितीही अस्सल असला तरी घर अर्धं जाईल.

काकूंनी तोडगा आधीच मनाशी ठरवलेला होता. ओट्याच्या वरची जुनी खिडकी उघडायची, तिच्या आत भट्टी ठेवायची. बाहेर पुरव्यातली आल्याची कडक चाय, गल्लीच्या भावाने. आत किटलीतली दार्जिलिंग आणि बाकी सगळं, आतल्या भावाने. आतल्या पैशांवर बाहेरची भट्टी चालली तर चालली, नाही चालली तर बघू. मुलगा काही बोलला नाही, पण आराखड्यावर पेन्सिलने काचेची रेघ त्यानेच खोडली.

तेवढ्यात ओट्यावरचे एक आजोबा दारातून डोकावले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ‘चाची, चाय तो ठीक बा, अखबार कौन मँगाई?’

‘अखबार आप लोग लाइए,’ काकू म्हणाल्या, ‘दूध हम देख लेंगे.’ मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘पूर उतरू दे, चुना वाळू दे, देवदिवाळीच्या आत उघडते. तेव्हा या. पण निघायच्या आधी कळवा हं, त्या दिवसांत काशीत निजायला जागा मिळत नाही, वरची खोली तुमच्यासाठी अडवून ठेवावी लागेल.’